समुद्र पोटात घेतो, पण पचवत नाही



१ जून ते ३१ जुलै आपली बंदी. बोटी वर काढलेल्या, जाळी दुरुस्तीला पसरलेली. एरवी या पानावर आपण डिझेल, बर्फ, सबसिडी आणि परवाने यांच्याबद्दलच लिहितो. आज एका प्राण्याबद्दल लिहितो आहोत. तो आपल्या समुद्रातला नाही, आपल्या जाळ्यात कधी येणारही नाही. पण त्याला जे नाव मिळालं ते समुद्रावर पोट असलेल्या प्रत्येकाने ऐकण्यासारखं आहे.

शास्त्रज्ञ या जातकुळीला अँफिपॉड म्हणतात. कोळंबी-कुर्लीच्या गोतातलेच हे, पण अंगाने लहान, दोन्ही बाजूंनी चपटे, पाठीत वाकलेले आणि पुष्कळ पायांचे. आपण सगळ्यांनी यांचे भाऊबंद पाहिले आहेत. किनाऱ्यावर लाटेने टाकलेलं शेवाळ उचललं की खालून टणाटण उड्या मारत पळतात ते बारीक किडे, तेही अँफिपॉडच. जगात यांच्या दहा हजारांवर जाती नोंदलेल्या आहेत. आपण त्यांना किंमत देत नाही, पण मासे देतात. कितीतरी मासळी यांच्यावर जगते.

आम्ही सांगतो आहोत तो अँफिपॉड पॅसिफिक महासागरातल्या मारियाना गर्तेत सापडला. जगातला सगळ्यांत खोल समुद्र तो हाच. २०१४ साली एका संशोधन जहाजाने तिथे सापळे सोडले. ही पद्धत आपल्या लोकांना लगेच कळेल. सापळ्यात आमिष लावायचं, वजन बांधून तळाला सोडायचं, ठरावीक वेळाने वरून खूण पाठवली की वजन सुटतं आणि सापळा तरंगत वर येतो. कुर्ल्यांसाठी आपण करतो तेच, फक्त खोली वेगळी. हे प्राणी मिळाले ६,०१० ते ६,९४९ मीटरवर. वावात मोजायचं तर ३,३०० ते ३,८०० वाव. कळसूबाईसारखे चार डोंगर एकावर एक उभे केले तरी ते तिथे बुडतील. सूर्याचा उजेड तिथे कधीच पोचत नाही आणि वरून जे मरून खाली पडतं त्यावरच तिथले जीव जगतात. हा अँफिपॉड तिथला सफाई कामगार. मेलेला मासा तळाला लागला की यांची झुंड येऊन तो फस्त करते. लांबी म्हणाल तर सुमारे ५ सेंटिमीटर. आपल्या किनाऱ्यावरच्या किड्यांच्या मानाने राक्षसच.

आता नवीन जात जाहीर करणं म्हणजे काय? आम्हालाही आधी वाटायचं की कोणीतरी वेगळं काही बघतो, फोटो काढतो, नाव ठेवतो, झालं. तसं नाही. आपल्याकडे तारली आणि पेडवे बाहेरच्या माणसाला एकच वाटतात, पण टोपलीत हात घालणारी बाई न बघता वेगळे करते. तिथेही हाच प्रश्न होता. युरिथेनिस नावाच्या या घराण्यातले प्राणी इतके एकसारखे दिसतात की पुष्कळ वर्षं जगभरात सापडणाऱ्यांना एकच जात समजलं जायचं. मग एकेक पाय, एकेक जबडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याची चित्रं काढायची, मोजमापं घ्यायची, डीएनए तपासायचा, आधीच्या नोंदींशी ताडून बघायचं. एक नमुना कायमचा संग्रहालयात ठेवायचा, म्हणजे पुढे कोणाला शंका आली तर तो काढून बघता येईल. २०१४ मध्ये पकडलेल्या प्राण्याची रीतसर नोंद मार्च २०२० मध्ये झूटॅक्सा या नियतकालिकात छापून आली. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या जोहाना वेस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम केलं. पाच सेंटिमीटरच्या जिवासाठी पाच वर्षांवर वेळ गेला.

आणि त्याला नाव दिलं युरिथेनिस प्लास्टिकस.

प्राण्यांना नावं सहसा गावावरून, रंगारूपावरून नाहीतर एखाद्या माणसाच्या आठवणीसाठी देतात. याला प्लास्टिकचं नाव का? कारण तपासताना एका लहान पिल्लाच्या आतड्यात एक धागा सापडला. लांबी एक मिलिमीटरही नाही, साधारण ०.६५ मिलिमीटर. तपासणीत तो पीईटी प्लास्टिकशी जवळजवळ ८४ टक्के जुळला. पीईटी म्हणजे आपली पाण्याची बाटली. आणि पॉलिएस्टरचा शर्ट, साडी, टी-शर्ट हेसुद्धा त्याच पदार्थाचे. माणसाने त्या जातीला नाव द्यायच्या आधीच माणसाचा कचरा तिच्या पोटात पोचला होता.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. प्राणिशास्त्राच्या नियमाप्रमाणे नाव एकदा रीतसर छापलं की ते शोभत नाही म्हणून बदलता येत नाही. उद्या सगळं प्लास्टिक बंद झालं, आपली नातवंडं-पतवंडं बाटली म्हणजे काय ते विसरली, तरी या प्राण्याचं नाव प्लास्टिकसच राहणार. सातबाऱ्यावर नाव चढावं तसं आपल्या पिढीचं काम तिथे चढलं आहे.

कोणी म्हणेल, एका पिल्लाच्या पोटात एक धागा, त्याचा एवढा गाजावाजा कशाला? बरोबर आहे, एका धाग्यावरून आरडाओरडा करू नये. पण तो एकटा नाही. २०१९ मध्ये छापून आलेल्या दुसऱ्या अभ्यासात पॅसिफिकच्या कडेच्या सहा गर्तांमधले ९० अँफिपॉड तपासले होते. त्यातल्या ७२ टक्क्यांच्या पोटात कृत्रिम धागे किंवा तुकडे निघाले. मारियाना गर्तेतले जेवढे तपासले त्यातला एकही सुटला नव्हता. त्या धाग्यांत कपड्यांचे होते तसे नायलॉनचेही होते. नायलॉन कपड्यांत असतं आणि आपल्या जाळ्यातही असतं. कुठला धागा कुठून आला याची चिठ्ठी त्यावर नसते.

आपल्यात एक बोलणं आहे, ‘समुद्र सगळं पोटात घेतो.’ वाडवडिलांपासून ऐकत आलो. त्यांच्या काळी ते खरंही होतं. जाळी सुताची आणि सणाची, दोर काथ्याचा, टोपली बांबूची, पुडी पानाची. पाण्यात पडलं तर कुजायचं आणि मासळीच्याच उपयोगी यायचं. आज बोटीवर काय काय आहे ते बघा. नायलॉनची जाळी, प्लास्टिकचे दोर, थर्माकोलची पेटी, बिस्किटाचं वेष्टन, पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या. वस्तू बदलल्या, बोलणं तेच राहिलं. समुद्र अजूनही पोटात घेतो. पचवत नाही, एवढंच.

आणि बुडालं म्हणजे गेलं असंही नाही. आपल्या हातांना हे माहीत आहे. काही प्लास्टिकचे दोर पाण्यावर तरंगतात, नायलॉनचं जाळं खाली जातं. पीईटी त्याहून जड. झाकण लावलेली रिकामी बाटली आत हवा असते म्हणून तरंगते, फुटली आणि पाणी भरलं की थेट तळाला. ऊन आणि लाटांनी त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. जे जड आहे ते खाली जातं, जे हलकं आहे ते मेलेल्या माशाच्या पोटातून नाहीतर चिकट गाळाबरोबर खाली जातं. तळाशी बसलेल्याला निवड करता येत नाही. पडेल ते खायचं. मग त्याला दुसरा मासा खातो. साखळी अशी चढत जाते.

आता आपल्यातले काहीजण काय म्हणतील ते आम्हाला माहीत आहे. जेटीवर रोज ऐकतो.

पहिलं म्हणणं असं की हा कचरा आमचा नाही. शहरांचा, हॉटेलांचा, पर्यटकांचा. पावसात नद्या भरल्या की सगळं वाहून समुद्रात येतं आणि हंगाम सुरू झाला की आमच्याच जाळ्यात अडकतं. हे शंभर टक्के खरं आहे. ऑगस्टच्या पहिल्या फेऱ्यांत मासळीबरोबर पिशव्या वेचत बसण्यात किती वेळ जातो, ते खलाशीच जाणतात. त्याचं डिझेल आणि मजुरी आपल्या खिशातून जाते. पण मग जाळ्यात आलेल्या पिशव्यांचं आपण काय करतो? मासळी ठेवतो आणि पिशव्या परत पाण्यात ढकलतो. म्हणजे दुसऱ्याचा कचरा समुद्राने आपल्या हातात दिला, आणि आपण तो आपल्या हाताने परत टाकला. दुसऱ्या खेपेला तो आपला होतो.

दुसरं म्हणणं, आणून ठेवायचा कुठे? हेही खरं. जेटीवर डबा नाही, असला तर तो भरून वाहतो, उचलायला कोणी येत नाही आणि भरतीला सगळं पुन्हा पाण्यात. आणणाऱ्याला मूर्ख ठरवणारी व्यवस्था असेल तर कोणी आणणार नाही. म्हणून ही मागणी सरकारकडे करायचीच आहे. पण ‘आधी डबा द्या, मग आणतो’ आणि ‘आधी आणा, मग डबा देतो’ यात वर्षं जातात. आणलेल्या गोण्यांचा ढीग आणि त्याचं वजन लिहिलेली वही दाखवून मागितलेला डबा लवकर मिळतो, असं आमचं मत आहे.

हे दुसरीकडे झालेलं आहे. केरळात कोल्लमजवळच्या नीण्डकरा बंदरावर २०१७ साली शुचित्व सागरम हा उपक्रम सुरू झाला. बोटींना पिशव्या दिल्या, जाळ्यात आलेलं प्लास्टिक मच्छीमारांनी बंदरावर आणलं, तिथे महिलांनी ते निवडलं, धुतलं, यंत्राने त्याचा चुरा केला आणि तो रस्त्याच्या डांबरात वापरला. त्यात बोटमालकांची संघटना होती, सरकारची खातीही होती. आपल्यासारखीच माणसं, आपल्याच अरबी समुद्रातली. त्यांना जमलं ते आपल्याला न जमायला काही कारण नाही.

तिसरं म्हणणं जरा हळू आवाजात बोललं जातं. मासळीत प्लास्टिक, असं आपणच लिहायला लागलो तर गिऱ्हाईक पळेल. ही भीती आम्ही हलकी मानत नाही. २०१८ साली फॉर्मेलिनच्या बातम्या आल्या तेव्हा गोव्यात काय झालं ते सगळ्यांनी भोगलं आहे. ताजी मासळी घेऊन बसलेल्या बाईलाही जाब द्यावा लागत होता. पण त्यातून शिकायचं काय? लपवलं म्हणून विश्वास राहत नाही. मच्छीमार स्वतः काय करतो ते गिऱ्हाइकाला दिसलं, तर राहतो. आणि आपणही ती मासळी खातो. इसवणाचं आतडं काढून टाकतो, जवळा मात्र अख्खा खातो आणि पोरांनाही देतो.

आणखी एक सांगायला हवं. समुद्रात प्लास्टिक टाकायला आंतरराष्ट्रीय नियमानेच मनाई आहे. मार्पोल कराराचं पाचवं परिशिष्ट १९८८ च्या ३१ डिसेंबरपासून लागू आहे आणि त्यात मासेमारी बोटींना सूट नाही. फाटलेलं जाळं मुद्दाम टाकणंसुद्धा त्यात येतं. आणि फाटलेलं जाळं नुसतं पडून राहत नाही. मालक नसला तरी ते मासे पकडतच राहतं. ती मासळी ना आपल्याला मिळते ना समुद्राला. आपल्याच पोटावर आपलंच जाळं.

म्हणून संस्थेच्या वतीने येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. एक, १ ऑगस्टला बाहेर पडणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या बोटीवर एक रिकामी गोण असेल. बोटीवरचा कचरा आणि जाळ्यात येईल ते प्लास्टिक, दोन्ही त्यात. दोन, टाकाऊ जाळी आणि दोर संस्थेच्या शेडमध्ये जमा करायचे, वजन करून वहीत बोटीच्या नंबरासह लिहायचे. तीन, तीन महिन्यांची ती वही घेऊन आपण मत्स्योद्योग खात्याकडे जायचं आणि जेटीवर कायमची जागा, उचलण्याची सोय आणि निवडण्याच्या कामाची मजुरी मागायची. ती मजुरी आधी आपल्याच घरच्या बायकांना मिळावी, हेही लिहून मागायचं.

गोणीला खर्च फारसा नाही. जागा थोडी लागेल, खलाशांची थोडी कुरकुर होईल, तांडेलाला दोनदा ओरडावं लागेल. विरोध असेल तर सभेत येऊन मोकळेपणाने बोला, खाली लिहिलंत तरी चालेल. चार अनुभवी माणसांनी यात दुरुस्ती सुचवली तर आम्हाला ती हवीच आहे.

समुद्रात अजून किती जिवांना नाव मिळायचं बाकी आहे. आपल्या समोरच्या अरबी समुद्रातही असतील. त्यांना नाव देताना कोणाला आपला दोर, आपलं जाळं, आपली बाटली आठवू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे. ते काम गोणीपासून सुरू होतं. सभेला या.

आपले,
सचिव आणि कार्यकारी मंडळ