कोरा रकाना म्हणजे शून्य पाऊस नव्हे

प्रति,
महासंचालक,
भारतीय हवामान विभाग



मुंबईत हिंदमाता चौकात पाणी भरलं की आम्ही लालबाग-परळची माणसं एकमेकांना एकच विचारतो : किती पडला? उत्तरात कुलाबा आणि सांताक्रुझचे आकडे मिळतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. आम्ही या दोघांच्या मधले. म्हणून जुना प्रत्येक कागद आम्हाला मोलाचा वाटतो.

आपल्या विभागाला जानेवारी २०२५ मध्ये दीडशे वर्षं झाली. कुलाब्याची वेधशाळा त्याहून जुनी, १८२६ ची. सप्टेंबर १८५९ मध्ये सौरवादळ पृथ्वीवर आदळलं, तेव्हा तिथे चुंबकीय उपकरणापाशी बसलेल्या निरीक्षकांनी तासाची शिस्त सोडून काही मिनिटांनी नोंद घ्यायला सुरुवात केली. लंडनजवळच्या वेधशाळांत चुंबकीय क्षेत्राची रेषा कागदाबाहेर गेली होती. कुलाब्याच्या आकड्यांत मात्र त्या क्षेत्राची घसरण नोंदलेली राहिली. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह त्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण जगापुढे आली. १४४ वर्षं ते कागद कुणीतरी सांभाळले, म्हणून हे जमलं. त्या अनाम हातांबद्दल मला फार आदर आहे.

पावसाच्या नोंदींनाही तोच मान द्या, ही माझी विनंती.

एखादी फाइल सापडत नसेल तर आधी तारीख तपासा. आपला पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे २६ जुलैचं ते ९४४ मिलिमीटर २७ तारखेच्या नोंदीत बसतं. शोधणारा २६ ची फाइल उघडतो आणि निराश होतो. मग प्रती शोधा : छापील वार्षिक खंड, रोजचे हवामान अहवाल, दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं. तरीही काही सापडलं नाही, तर रकाना कोरा ठेवा आणि ‘नोंद नाही’ असं लिहा. संगणकात कोऱ्या जागी शून्य बसलं की मुसळधार पावसाचा दिवस कोरडा ठरतो. सरासरी खाली येते, आणि गटाराचा आकार ठरवणारा अभियंता अशाच नोंदींवर विसंबतो.

शिवाय आम्हाला नुसता दिवसाचा आकडा पुरत नाही. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधली होती. पुढे ५० चं उद्दिष्ट ठरलं. तेव्हा प्रश्न तासाचा आहे, आणि तास कळतो स्वयंलेखी पर्जन्यमापकाच्या कागदी पट्ट्यांवरून. त्यांची शाई दमट हवेत फिकी पडत जाते. या पट्ट्यांची छायाचित्रं सगळ्यात आधी काढून घ्या.

सुरुवात ५ जुलै १९७४ पासून करावी. त्या दिवशी कुलाब्याला ५७५.६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तो कोणत्या तासाला किती कोसळला, ती पट्टी शाबूत असेल तर सर्वांसाठी खुली करा. हरवली असेल, तर तेही लिहून ठेवा.

आपला नम्र,
लालबागचा एक रहिवासी