भिंतीवरचा नंबर



भालकीहून बीदरला जाताना रस्त्याकडेच्या भिंती वाचायची माझी जुनी सवय. सिमेंट, बियाणं आणि मधेच ‘मर्दानी कमजोरी? शर्तिया इलाज’. शाळेत असताना आम्ही ते वाचून खिदळायचो. चौतिसाव्या वर्षी मात्र त्यातला नंबर मी गुपचूप मोबाइलमध्ये टिपून घेतला.

हैदराबादच्या कंपनीची रात्रपाळी, गोड चहा, व्यायाम शून्य. काही महिन्यांपासून ताठरता नीट येत नव्हती. बायकोला वाटलं, माझं मन उडालं. मला वाटलं, आपण संपलो. दोघंही गप्प. शेवटी तीच म्हणाली, “अहो, सर्व्हर बंद पडला की रात्रभर कारण शोधता ना? मग याचं का नाही शोधत?”

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “सकाळी जाग येताना ताठरता असते का?” ती नेहमीसारखी असेल तर शरीर बहुधा ठीक असतं, कारण ताण, भीती किंवा घरातल्या अबोल्यात असू शकतं. माझी तीही कमी झाली होती. रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर १८०! आजोबांना मधुमेह होता, तरी मी कधी तपासून घेतलं नव्हतं.

ताठरता हा मुख्यतः रक्तप्रवाहाचा खेळ. मेंदूचा इशारा आला की नायट्रिक ऑक्साइड सुटतो, धमन्या सैलावतात, रक्त भरतं. मधुमेह, वाढलेलं बीपी, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू या धमन्यांचं अस्तर बिघडवतात. मधुमेहात मज्जातंतूही दुबळे होतात. लिंगाच्या धमन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४. म्हणून अडथळा अनेकदा आधी इथे जाणवतो, हृदयाचा त्रास काही वर्षांनी. म्हणजे ही लाज नव्हे, आगाऊ सूचना आहे. दारू, काही औषधं, टेस्टोस्टेरॉनची कमतरता हीही कारणं असतात.

मित्राने दिलेली गोळी मात्र घेऊ नका. हृदयासाठी नायट्रेट चालू असताना सिल्डेनाफिल घेतलं तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो.

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि वाचकांच्या अशाच प्रश्नांना उघड उत्तरं दिली. त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. इतकं होऊनही आपण अजून भिंतीलाच विचारतो!

माझी साखर आता आटोक्यात आहे. बाकीचंही बरंच सुधारलंय, अगदी सगळं नाही. पण आम्ही बोलतो. तो नंबर मात्र कधीच लावला नाही. परवा बायकोसमोरच पुसून टाकला.

तिशी ओलांडलेल्या मित्रांनो, यंदा गावी याल तेव्हा साखर आणि बीपी तपासून घ्या. आणि काही बिघडलं असेल तर आधी घरात सांगा.