मिरजेच्या वारशात बाई कुठे आहे?



२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गावाला आनंद झाला, मलाही झाला. शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सोडून वाद्यं घडवायला घेतली, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो. पंढरपूरकडचा भोपळा, तूनचं लाकूड, जवारी काढणारा हात, सगळं कौतुकानं सांगितलं जातं. पण बाई मात्र त्यात कुठे दिसत नाही.

वाद्यांच्या गल्लीतून जाताना पाट्या वाचा. ‘अँड सन्स’, ‘ब्रदर्स’. अशाच एका घरात मी बसले होते. घरातल्या बाई दुपारची भांडी आवरून नक्षीसाठी पानाफुलांचे तुकडे कापत होत्या. मी म्हटलं, “तुम्हीही कारागीरच की!” त्या हसल्या. “छे हो ताई, मी कुठं काय करते? काम हे करतात. मी आपली हाताखाली असते.” शेतात राबणारीकडून, विड्या वळणारीकडून हेच वाक्य आपण किती वेळा ऐकलंय!

तंबोरा मात्र बाईला विसरलेला नाही. पुरुष साधारण काळी एक-दोनमध्ये गातात, बायका काळी चार-पाचमध्ये. म्हणून बायकांच्या तंबोऱ्याचं माप निराळं, लहान. बाई गायला बसली आणि कारागिराला माप बदलावं लागलं.

हे माप ज्यांच्यासाठी लागलं त्यांतलं मोठं नाव हिराबाई बडोदेकर. जन्म १९०५, मिरजेतला. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ. ते १९३७ साली वारले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. व्हायलाच हवं. पण हिराबाईंची आई ताराबाई माने? बडोद्याच्या सरदार घराण्यातली ही मुलगी घर सोडून खाँसाहेबांबरोबर आली आणि पुढे पाच मुलांना घेऊन वेगळीही झाली. चंपाकलीची हिराबाई झाली, सकीनाची सरस्वती. मुलांना गाण्यात उभं केलं. ‘घरंदाज बाई चारचौघांत गात नाही’ म्हणणाऱ्या काळात हिराबाई तिकीट लावून गायल्या. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळालं. एकटीनं संसार ओढणाऱ्या आईच्या नावानं मात्र आम्ही मिरजेत काय करतो?

२००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत दंगल झाली. ‘त्यांचं’ आणि ‘आपलं’ अशी गावाची वाटणी झाली. एकाच लेकराला दोन्हीकडची नावं लाभलेलं हे घर तेव्हा आपल्या तोंडी असतं, तर निदान मोहल्ल्याच्या बैठकीत बोलायला आपल्याकडे काही असतं.

काही जण म्हणतील, कलेत कसला बाई-पुरुष भेद? भेद आम्ही आणला नाही, तो पाटीवर आधीपासून आहे. आणि प्रश्न नुसत्या मानाचा नाही. १९९९ च्या कायद्यानुसार मानांकन मिळालेल्या वस्तूच्या उत्पादकांना अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवता येतं. त्या नोंदीत घरात काम करणाऱ्या बाईचं नाव यायला हवं. नाव कागदावर नसलं की कर्ज मागताना, हिस्सा मागताना आणि नवऱ्यामागे धंदा चालवताना काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तेव्हा सुचवते ते एवढंच. प्रत्येक गटानं आपल्या गावातल्या एका वयस्क बाईजवळ बसावं आणि तिचं काम तिच्याच शब्दांत लिहून घ्यावं. मिरजेत आम्ही वाद्यांच्या गल्लीतून सुरुवात करू. नंतर डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली उभारलेल्या मिशन हॉस्पिटलात शिकलेल्या नर्सबाईंकडे जाऊ.

आणि त्या गल्लीतल्या बाईंना पुन्हा भेटेन तेव्हा पहिल्यांदा त्यांचं नाव विचारीन. परवा तेही विचारायचं राहून गेलं.