आखाती नोकरीचे विमा कार्ड घरच्यांना चालते का?

छत्रपती संभाजीनगरहून दुबईला नोकरीसाठी गेलेल्यांना कंपनीचा आरोग्य विमा असतो. मग घरी वेगळी पॉलिसी कशाला?

कंपनीचा विमा कोणाला?
संयुक्त अरब अमिरातीत खासगी कर्मचाऱ्याचा विमा काढणे मालकाला बंधनकारक आहे; १ जानेवारी २०२५ पासून सर्वच अमिरातींत. इकडे राहणारे पत्नी, मुले, आई-वडील त्यात आपोआप येत नाहीत.

प्रवासी भारतीय विमा पुरेसा का?
ईसीआर पासपोर्टवर कामासाठी जाणाऱ्यांना तो सक्तीचा आहे. अपघाती मृत्यूसाठी १० लाखांचे संरक्षण मिळते. मात्र घरच्यांच्या उपचारांसाठी ५० हजारांपर्यंतची तरतूद कामगाराचा मृत्यू झाला किंवा कायमचे अपंगत्व आले, तरच लागू होते.

मग काय करावे?
पत्नी-मुलांसाठी इथेच फॅमिली फ्लोटर घ्या आणि त्यात स्वतःचेही नाव ठेवा. परदेशात राहत असल्याचे अर्जात लपवू नका. नोकरी सुटली की कंपनीचा विमा संपतो. परतल्यावर नवी पॉलिसी घेतली, तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. आत्ताच पॉलिसी घेऊन हप्ते न चुकवल्यास हा काळ तिकडे असतानाच सरतो.

आई-वडिलांची पॉलिसी वेगळी ठेवा. फ्लोटरचा हप्ता सर्वांत ज्येष्ठ सदस्याच्या वयावर ठरतो. वय ७० पूर्ण असेल, तर त्यांचे आयुष्मान कार्डही काढा. त्यात ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात.