कायदा आपलं काम करील. पक्ष आपलं काम कधी करणार?

लोकप्रतिनिधीवर लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला की पक्षाचा प्रवक्ता कॅमेऱ्यासमोर येतो आणि दोन वाक्यं बोलतो. ‘कायदा आपलं काम करील’ हे पहिलं आणि ‘गुन्हा शाबीत होईपर्यंत प्रत्येक जण निर्दोष असतो’ हे दुसरं. झेंडा कोणताही असो, ही दोन वाक्यं बदलत नाहीत. ती खोटी आहेत असं माझं म्हणणं नाही. पण त्यांच्या आड लपून पक्ष स्वतःची जबाबदारी न्यायालयाच्या अंगावर ढकलतात, आणि ती जबाबदारी न्यायालयाची नाहीच.

निर्दोष मानलं जाण्याचा हक्क आरोपीला तुरुंगापासून वाचवण्यासाठी आहे. तो तसूभरही कमी होऊ नये. मात्र निवडणुकीचं तिकीट, मंत्रिपद, क्रीडा महासंघाचं अध्यक्षपद यांवर कुणाचाही जन्मसिद्ध अधिकार नसतो. हा विश्वासाचा ठेवा आहे आणि विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायला फौजदारी निकाल लागत नाही. आपल्या राज्यातला तलाठी ४८ तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत राहिला तर १९७९च्या शिस्त व अपील नियमांनुसार तो निलंबित झाला असंच मानलं जातं. त्यानं त्याचं निर्दोषत्व हिरावलं गेलं असं कुणी म्हणत नाही; चौकशी चालू असताना सरकारी दप्तर त्याच्या हाती नसावं, एवढाच त्याचा अर्थ. तलाठ्याला लागू असलेला हा साधा विवेक आमदाराला मात्र लागू नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याची अपात्रता दोषसिद्धीनंतर सुरू होते, त्याआधी नाही.

याची किंमत काय असते ते उन्नावमध्ये दिसलं. जून २०१७ मध्ये एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार झाला. आरोप होता बांगरमऊचा सत्ताधारी भाजप आमदार कुलदीपसिंह सेंगर याच्यावर. महिनोन्‌महिने त्याच्यावर गुन्हाच नोंदवला गेला नाही. एप्रिल २०१८ च्या सुरुवातीला मुलीच्या वडिलांना बेदम मारहाण झाली आणि वर शस्त्र बाळगल्याच्या आरोपाखाली अटक झाली त्यांनाच. ८ एप्रिलला त्या मुलीनं लखनौत मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानाबाहेर स्वतःला जाळून घेण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी वडील कोठडीत असताना गेले. त्यानंतर कुठे गुन्हा नोंदला गेला आणि अलाहाबाद उच्च न्यायालयानं फटकारल्यावर सीबीआयनं आमदाराला अटक केली. पुढं जुलै २०१९ मध्ये मुलीच्या गाडीला ट्रकनं धडक दिली. तिच्या दोन नातेवाईक स्त्रिया त्यात दगावल्या, ती आणि तिचे वकील गंभीर जखमी झाले. (या अपघातामागच्या कटाच्या आरोपातून न्यायालयानं सेंगरला पुढं मुक्त केलं, हेही सांगायला हवं.) देशभर संताप उसळला, सर्वोच्च न्यायालयानं खटले दिल्लीला हलवले, आणि पक्षानं त्याची हकालपट्टी जाहीर केली ती त्या वेळी, ऑगस्ट २०१९ मध्ये. अटकेनंतर सव्वा वर्षानं. डिसेंबर २०१९ मध्ये जन्मठेप होईपर्यंत हा माणूस आमदारच होता. तुरुंगातला आमदार. मार्च २०२० मध्ये मुलीच्या वडिलांच्या मृत्यूबद्दल सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. त्या खटल्यात दोषी ठरलेल्यांत पोलिसही होते.

‘कायद्याला त्याचं काम करू द्या’ म्हणणाऱ्यांनी हा क्रम नीट वाचावा. सत्ता हातात असलेल्या माणसाला सत्तेत ठेवून कायद्याची वाट पाहणं म्हणजे तटस्थ राहणं नव्हे. ठाण्यातला फौजदार, सरकारी दवाखान्यातला डॉक्टर, गावातला साक्षीदार या सगळ्यांना त्या खुर्चीकडे बघून बोलावं लागतं. खुर्ची काढून घेतली तरच कायदा आपलं काम करू शकतो.

यावर उत्तर येतं की निवडून आलेल्याला लोकांनी निवडलं आहे, तेव्हा न्यायालयाच्या निकालाआधी त्याला हात लावता येत नाही. हे खरं नाही. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना अकरा खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले. चित्रफीत प्रसारित झाल्यापासून अकरा दिवसांत संसदेनं त्या सगळ्यांना बडतर्फ केलं. त्यांत आपल्या एरंडोलचे खासदारही होते. कोणताही फौजदारी निकाल तेव्हा लागला नव्हता आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं संसदेचा हा अधिकार उचलून धरला. डिसेंबर २०२३ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्याच्या आरोपात खासदार महुआ मोइत्रा यांना आचारनीती समितीच्या अहवालावरून लोकसभेतून काढलं गेलं. ती कारवाई योग्य की अयोग्य यावर वाद आहे, पण निकालाची वाट पाहिली गेली नाही यावर वाद नाही. त्याच लोकसभेत, त्याच दिवशी, कैसरगंजचे खासदार आणि कुस्ती महासंघाचे माजी अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह सदस्य होते. महिला कुस्तीगिरांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींवरून दिल्ली पोलिसांनी त्यांच्यावर जूनमध्येच आरोपपत्र दाखल केलं होतं. सिंह आरोप नाकारतात, खटला चालेल तसा चालेल. माझा प्रश्न सभागृहाला आहे. पैशाचा प्रश्न आला की सभागृहाची प्रतिष्ठा आठवते आणि न्यायालयासाठी थांबवत नाही. बाईच्या शरीराचा प्रश्न आला की सभागृहाला एकाएकी कायद्याची प्रक्रिया आठवते. हा दुजाभाव कशाच्या आधारावर?

आणि कायद्याची ती प्रक्रियाही किती भोकांची आहे पाहा. आमदार हा भारतीय दंडसंहितेच्या अर्थानं लोकसेवक नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये म्हटलं होतं, ते आपले माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्या भ्रष्टाचाराच्या खटल्यात. त्याच व्याख्येच्या आधारानं डिसेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सेंगरची जन्मठेप स्थगित केली, कारण लोकसेवकानं बालकावर अत्याचार केल्याचं कठोर कलम आमदाराला लागूच होत नाही असं प्रथमदर्शनी दिसलं. सर्वोच्च न्यायालयानं काही दिवसांतच तो आदेश रोखला. पण दुरुस्ती करायची ती संसदेनं. शिपाई लोकसेवक आणि आमदार नाही, ही स्थिती चाळीस वर्षं बदलावीशी वाटली नाही, कारण बदलणारे तेच आहेत ज्यांना ती सोयीची आहे.

निवडणुकीच्या तोंडावरच आरोप कसे बाहेर येतात, असा सवाल पुढं येतो. हासनचा खासदार प्रज्वल रेवण्णा याच्या बाबतीत एप्रिल २०२४ मध्ये हेच विचारलं गेलं. त्याच्या चित्रफिती मतदानाच्या आसपास पसरल्या, त्यामागं राजकारण असेलही. म्हणून काय झालं? मतदान आटोपताच तो राजनैतिक पारपत्रावर जर्मनीला गेला, महिनाभरानं परत आल्यावर अटक झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या खटल्यात जन्मठेप लागली. ती फिर्याद त्याच्या घरच्यांकडे काम करणाऱ्या एका बाईची होती आणि तिच्या साडीची न्यायवैद्यक तपासणी निर्णायक पुराव्यांत होती. साडीवरच्या डागाला निवडणुकीचं वेळापत्रक माहीत नसतं. तक्रार कधी आली याचा शोध घेऊन ती खरी आहे की खोटी हे कळत नाही. आणि ती उशिरा का आली, हे उन्नावच्या बापाला काय भोगावं लागलं त्यावरून समजायला हवं. फेब्रुवारी २०२१ मध्ये माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या स्त्रीविरुद्ध केलेली बदनामीची तक्रार फेटाळताना दिल्लीच्या न्यायालयानंही म्हटलं की स्त्री अनेक दशकांनंतरही दाद मागू शकते.

खोट्या तक्रारी असतात. ब्रिजभूषण प्रकरणातली अल्पवयीन मुलीची फिर्याद पोलिसांनी रद्द करण्याची शिफारस केली आणि मे २०२५ मध्ये न्यायालयानं ती मानली. मीही मानतो. म्हणूनच तर चौकशी सत्तेपासून दूर हवी: आरोप खोटा असेल तर त्याचाही निकाल लागावा आणि तो कुणालाही विकत घेतल्यासारखा वाटू नये.

‘जनता ठरवील’ हा सर्वांत मोठा बचाव. जनतेपुढं नाव कोण ठेवतं? पक्ष. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या आदेशानुसार गुन्हे नोंद असलेला उमेदवार का निवडला आणि निष्कलंक का मिळाला नाही, हे पक्षाला वर्तमानपत्रात छापावं लागतं; केवळ जिंकण्याची क्षमता हे कारण चालणार नाही असंही न्यायालयानं स्पष्ट केलं. सी-७ या नमुन्यातली कारणं वाचून बघा. ‘लोकप्रिय समाजसेवक’, ‘गुन्हे राजकीय हेतूनं दाखल’. तीच छापील कारणं, नाव बदलून. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सनं ऑगस्ट २०२४ मध्ये प्रतिज्ञापत्रांवरून मोजलं तेव्हा स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांची नोंद असलेले १५१ खासदार-आमदार निघाले. कैसरगंजात तर तिकीट वडिलांना नाकारून मुलाला दिलं गेलं आणि मतदारसंघ घरातच राहिला. मतदारानं ठरवायचं असेल तर आधी पक्षानं खरा पर्याय पुढं ठेवायला हवा.

आपल्यावर आलं की दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, हे डावेही करतात. २०२४ मध्ये केरळात चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या छळावरच्या हेमा समितीच्या अहवालानंतर आमदार मुकेश यांच्यावर आरोप झाले, तेव्हा मार्क्सवादी पक्षानं राजीनाम्याची मागणी नाकारताना याआधी आरोप झालेल्या काँग्रेसच्या आमदारांनी राजीनामे दिले नव्हते याचा दाखला दिला. दुसऱ्यानं नैतिकता सोडली म्हणून आपणही सोडायची, असा हिशेब मला मान्य नाही.

मग करायचं काय? एका झटक्यात गळा कापावा असं माझं मुळीच म्हणणं नाही. गुन्हा नोंदला की फिर्यादीवर किंवा तपासावर ज्या पदाचा प्रभाव पडू शकतो, ते पद त्या दिवसापासून सोडायचं. बाकी सदस्यत्व राहो. न्यायाधीशानं पुरावा पाहून आरोप निश्चित केले की मंत्रिपद नाही, समिती नाही, तिकीट नाही, आणि त्याच्या घरातही नाही. निर्दोष सुटला तर सगळं सन्मानानं परत. सभागृहाच्या समितीनं स्वतःहून दखल घ्यावी, आणि तिच्यात आरोपीच्या पक्षाचं बहुमत नसावं.

याच्याही खाली एक रिकामी जागा आहे. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा राजकीय पक्षांना लागू नाही, कारण पक्ष आणि कार्यकर्ता यांत मालक-नोकर नातं नाही, असं केरळ उच्च न्यायालयानं मार्च २०२२ मध्ये ठरवलं. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. हजारो जणी राजकारणात आहेत आणि त्यांपैकी एखादीला तक्रार करायची तर ती तालुकाध्यक्षाकडे जाणार, ज्याच्या हाती तिचं पुढचं तिकीट आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९ अ कलमाखाली पक्षांची नोंदणी होते. त्या नोंदणीची अट म्हणून प्रत्येक पक्षानं बाहेरचा अध्यक्ष असलेली तक्रार समिती नेमावी, तिचा वार्षिक अहवाल निवडणूक आयोगाकडे द्यावा आणि तो न देणाऱ्या पक्षाचं चिन्ह गोठवावं.