फुकट मुक्कामाची फिर्याद

सह्याद्रीत हवे तिथे तंबू ठोकून रात्र काढणे हा आपला जन्मसिद्ध हक्क असून वनखाते, ग्रामपंचायती आणि डोंगरपायथ्याचे 'धंदेवाईक' गावकरी मिळून तो हिरावून घेत आहेत, अशी फिर्याद भटकंतीवरच्या मराठी लेखनात वरचेवर वाचायला मिळते. ही फिर्याद अर्धी आहे, आणि तिचे उरलेले अर्धे झाकून ठेवण्याचे काम आपल्या ललितगद्याने मोठ्या निष्ठेने केले आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आम्ही ठाणे-बेलापूर पट्ट्यात मराठी शिकवणारी चार-पाच मंडळी; आमची बैठक बहुधा रबाळ्यात भरते. आमचे बरेचसे विद्यार्थी आठवडाभर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत, कार्यालयांत, अलीकडे डेटा सेंटरांत राबतात आणि शनिवार-रविवार डोंगर गाठतात. त्यात गैर काहीच नाही. पारसिकच्या डोंगराची दगडखाणींनी काय गत केली ते रोज पाहणाऱ्याला एखादा शाबूत डोंगर पाहावासा वाटला तर नवल कसले? पण हे विद्यार्थी परतून लिहितात, आणि ते लिहिलेले आमच्याकडे तपासायला येते. टेंटमधल्या पहिल्या रात्रीवरचे निबंध आता इतके वाचून झाले आहेत की त्यांचा साचा डोळे मिटून सांगता येईल: शेवटची एसटी, चढ, धाप, माथा, सूर्यास्त, निर्जन पठार, चांदण्यांनी ओथंबलेले आकाश, आणि शेवटी शहराविषयी तिरस्काराचे दोन शब्द. 'निर्जन' हा शब्द सहसा चुकत नाही. गंमत अशी की त्याच निबंधात वरच्या परिच्छेदात गरमागरम पिठलं-भाकरीही असते. निर्जन पठारावर ती भाकरी थापली कुणी, हा प्रश्न लेखकाला पडत नाही. पडला तर शब्द बदलावा लागेल.

उदाहरण हरिश्चंद्रगडाचेच घेऊ. कोकणकड्यावरच्या रात्रीवर मराठीत जेवढे लिहिले गेले आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या कुठल्या डोंगरातल्या रात्रीवर गेले असेल. हा गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्य 1986 साली घोषित झाले. त्याआधी कित्येक शतके पाचनई, खिरेश्वर आणि आसपासच्या वाड्यापाड्यांतले महादेव कोळी या डोंगराचे रहिवासी आहेत. चांगदेवांनी 'तत्त्वसार' रचला तो याच गडावर, असे परंपरा आणि ग्रंथ दोन्ही सांगतात. म्हणजे इथे वस्तीला येऊन लिहिण्याची चालही जुनीच. 1986 नंतर पाचनईच्या माणसाला आपल्याच डोंगरातून लाकूडफाटा आणताना वनरक्षकाची नजर चुकवावी लागू लागली. आज तोच माणूस कड्याजवळ टेंट भाड्याने देतो आणि चहा विकतो, तेव्हा आमच्या निबंधकाराला डोंगराचे पावित्र्य भंगल्यासारखे वाटते. पूर्वी इथे सगळे फुकट होते, असे तो हळहळून लिहितो. ते फुकट कुणाच्या खर्चाने होते?

'निर्जन' या शब्दाशी आमचे भांडण आहे ते भाषेच्या अंगानेही. मराठीत त्याच्या शेजारी एक जुना शब्द आहे, 'विजन'. महानुभावांच्या आचारधर्मात अटन आणि विजन ही साधकाची नित्याची कामे. साधक एकांतात जातो तो आपण होऊन, लोकांपासून स्वतःला बाजूला काढण्यासाठी. त्या एकांताभोवती गाव असते, भिक्षेची घरे असतात, आणि साधकाला त्यांचे ऋण ठाऊक असते. याच पंथाने चौदाव्या शतकात 'स्थानपोथी' नावाचा एक विलक्षण ग्रंथ मराठीला दिला. चक्रधरस्वामी कुठे बसले, कुठे रात्रभर राहिले, कुठे काही दिवस मुक्काम केला, याची ती गावागणिक नोंद. देवळाचे दार कोणत्या दिशेला, झाड कुठे, नदी किती जवळ, हे सारे तिच्यात आहे. रात्रभराची 'वस्ती' आणि लांबलेले 'अवस्थान' असे मुक्कामाचे वेगळे प्रकार करून त्यांना नावे देणारी ही भाषा. उघड्यावरच्या मुक्कामाचे याहून तपशीलवार साहित्य आम्हाला मराठीत दुसरे माहीत नाही, आणि त्यात एकही जागा निर्जन नाही. प्रत्येक जागा कुठल्या ना कुठल्या गावाची आहे.

फुकट मुक्कामाच्या कैवाऱ्यांचे आवडते उदाहरण मात्र स्थानपोथीतले नसते. ते उत्तर ध्रुवाच्या बाजूचे असते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात सरकारी जमिनीवर तिथल्या रहिवाशाला एका जागी वर्षाकाठी 21 दिवसांपर्यंत विनामूल्य तंबू ठोकता येतो. नॉर्वेच्या 1957 च्या कायद्याने अशेती जमिनीवर, राहत्या घरापासून 150 मीटर दूर, मालकाला न विचारता दोन रात्री राहण्याची मुभा दिली. इंग्लंडातल्या डार्टमूरच्या पठारावर तंबू टाकून राहता येते की नाही, हे प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2025 च्या मे महिन्यात निकाल मुक्काम करणाऱ्यांच्या बाजूने लागला. हे सारे खरे आहे आणि हेवा वाटावा असेही आहे. पण उदाहरण घ्यायचे तर पुरते घ्यावे. उत्तर ऑन्टॅरिओचे ते 'मोकळे' अरण्य मोकळे नव्हते. तिथल्या क्री आणि ओजिब्वे लोकांशी 1905-06 साली सरकारने करार केला आणि त्यानंतर ती जमीन सरकारी नकाशावर रिकामी दिसू लागली. दुसरे, स्वीडन-फिनलंडमध्ये परक्याच्या रानात फिरण्याचा हक्क ज्या परंपरेतून येतो तीच परंपरा कुणालाही रानातली बोरे-बेरी आणि अळंबी वेचू देते. तंबूचा हक्क आणि पोटाचा हक्क तिथे एकाच मुळाचे आहेत. आपल्याकडच्या फिर्यादीत तंबू तेवढा आयात झाला आहे. करवंदे, हिरडा, मध, सरपण यांच्यावर हक्क सांगणाऱ्यांची बाजू या फिर्याददारांनी कधी घेतल्याचे आमच्या वाचनात नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला, भटक्या पशुपालकांचा हंगामी वावरही मान्य केला. पण भटकंतीवरच्या मराठी लेखनात या कायद्याचा उल्लेख शोधू जाल तर डोळे दुखतील.

आता पवनेकडे वळू. मुंबई-पुण्याच्या टेंटवाल्यांची ही सर्वांत गजबजलेली जागा. आमच्या पट्ट्यातून शनिवारी दुपारी निघालेला संध्याकाळी तिथे पाण्याकाठी असतो. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर अशा गडांनी वेढलेले हे खोरे मराठी वाचकाला गो. नी. दांडेकरांच्या 'पवनाकाठचा धोंडी'मुळे ठाऊक आहे. कादंबरी 1955 ची. धरण त्यानंतरचे, सत्तरच्या दशकात पुरे झालेले. म्हणजे ज्या काठावर आज रंगीत टेंटांची रांग लागते तो काठ धोंडीचा नव्हेच, तो पाण्याने नव्याने आखलेला आहे आणि त्याच्याखाली शेते आहेत. ज्यांची शेते गेली त्यांच्यातल्या अनेकांचे पुनर्वसन दशकानुदशके रेंगाळले. याच धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती मार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तीन जण मेले. तळ्याच्या शांत पाण्यावरच्या निबंधात हे येत नाही. त्या काठावर स्थानिकाने जागेचे पैसे मागितले की मात्र 'लूट' हा शब्द येतो. तिथला टेंटचा धंदा सगळा सोवळा आहे असे आम्ही म्हणत नाही. ध्वनिक्षेपक, दारू, प्लास्टिक आणि बाहेरच्या भांडवलदारांची घुसखोरी आम्हीही पाहिली आहे. पण बुडालेल्या बांधावर बसून, बांधवाल्याच्या वारसाकडे फुकट जागा मागणाऱ्याने निदान स्वतःला मुक्त म्हणवून घेऊ नये.

टेंट हा शब्द इंग्रजी आहे म्हणून आम्ही त्याला अडवत नाही. तो चांगला रुळला आहे. मात्र शब्द निवडताना कोणते शब्द बाजूला पडले ते पाहणे हे साहित्याच्या विद्यार्थ्याचे काम आहे. उघड्यावरच्या निवाऱ्यासाठी मराठीत तंबू आहे, राहुटी आहे, डेरा आहे. हे लष्करी आणि सरदारी शब्द. त्यांच्या जोडीला पाल आहे, वाडा आहे, कोपी आहे. भटक्या जमातींचे पाल. दिवाळीनंतर घोड्यांवर बिऱ्हाड लादून घाट उतरणाऱ्या मेंढपाळ धनगरांचा वाडा, जो शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवून खत देतो आणि मोबदल्यात धान्य किंवा पैसे घेतो. उसाच्या फडाशेजारी तोडकऱ्यांची पाचटाची कोपी. महाराष्ट्रात रात्र उघड्यावर काढणाऱ्यांची खरी वस्ती या तीन शब्दांत आहे. पाल हे टेंटचेच मराठी नाव नव्हे काय? मग आमचा एकही विद्यार्थी 'मी कोकणकड्यावर पाल ठोकले' असे का लिहीत नाही? कारण त्याला ठाऊक आहे की पाल ठोकले जात नाही, उठवले जाते.

रबाळ्यातून हे दिसायला दुर्बीण लागत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर, उड्डाणपुलाच्या आडोशाला, प्लास्टिकचा कागद आणि चार बांबू यांवर उभी असलेली बिऱ्हाडे आम्ही येता-जाता पाहतो. अतिक्रमण हटवणारी गाडी येते, कागद-बांबू-भांडी उचलते, दोन दिवसांनी पुढच्या खांबापाशी तेच बिऱ्हाड. त्याच रस्त्याने शनिवारी पहाटे पाठीवर सॅक घेतलेली मुले बसची वाट पाहतात. दोघांकडे चटई, दोघांकडे कागदाचे छप्पर, दोघांना रात्र उघड्यावर काढायची. एकाला आपण साहसी म्हणतो. 2021 साली राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण आणले, त्याच वर्षी घर चाकांवर घेऊन फिरणाऱ्या कॅराव्हॅन पर्यटनाचेही आणले. दुसऱ्यासाठी कायदे त्याआधीपासून तयार होते. ब्रिटिशांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मुक्कामालाच हजेरी आणि परवाना लावला. तो 1952 साली गेला. पण 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात उदरनिर्वाहाचे दिसते साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे किंवा थांबणे हेही भीक मागण्याच्या व्याख्येत आले. याच व्याख्येत एखादा गडवेडा बसवून पाहावा. सुटतो तो केवळ बुटांच्या किमतीवर.

1985 च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेला जगण्याच्या हक्कात जागा दिली, आणि फूटपाथवर राहणाऱ्यांना रीतसर नोटीस देऊन हटवता येईल असेही सांगितले. निकाल मुंबईतल्या माणसांविषयी होता. मुक्कामाच्या हक्कावर आपल्या भूमीत झालेली ही सर्वांत मोठी चर्चा. तिच्यात मराठी भटकंती-साहित्याचा आवाज कुठे होता?

इथे दोष विद्यार्थ्यांचा कमी आणि आमच्यासारख्या अध्यापकांच्या विषय-विभागणीचा जास्त. दांडेकरांची 'दुर्गभ्रमणगाथा' आपण ललितगद्यात शिकवतो. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (1980) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (1987) आत्मकथनांच्या कप्प्यात. एका कप्प्यात मुक्काम हा आनंद, दुसऱ्यात यातना. आणि दोन्ही वेगवेगळ्या सत्रांत. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारे कैकाडी कुटुंब आणि राजगडावर रात्री काढणारा गडप्रेमी ही एकाच महाराष्ट्राच्या रस्त्यांवरची माणसे आहेत, हे वर्गात कुणी बोलत नाही. आमचा आक्षेप दांडेकरांवर नाही. त्यांच्या लेखनात गडाखालची माणसे नावागावानिशी येतात, त्यांच्या घरचे अन्न येते, बोली येते. त्यांची परंपरा सांगणाऱ्यांनी गड तेवढे उचलले आणि माणसे खाली ठेवली.

यावर उत्तर ठरलेले आहे: म्हणजे तुम्ही वनखात्याच्या बाजूचे. मुळीच नाही. 1927 च्या वन कायद्यान्वये राखीव जंगलात विनापरवाना शिरणे आणि चूल पेटवणे हा गुन्हा आहे. हा कायदा मुळात इमारती लाकडाच्या रखवालीसाठी रचलेल्या व्यवस्थेचा वारस. संरक्षित स्मारकांचे 1959 चे नियम तर ज्यांच्या वेळा वेगळ्या ठरलेल्या नाहीत ती स्मारके सूर्यास्ताला बंद करतात. सरसकट बंदी आम्हाला नको. डोंगरात रात्र काढण्याचा हक्क असावा, पण तो मागायचा क्रम आमच्या मते असा: आधी मेंढपाळाच्या वाड्याला त्याच्या जुन्या वाटेवर निर्धास्त थांबता यावे, पालाला आणि कोपीला पाणी, शौचकूप आणि मुलांना शाळा मिळावी, डोंगरावर कोण किती दिवस राहील आणि काय देईल हे तिथल्या ग्रामसभेने ठरवावे, मग आपला टेंट. तोही पैसे देऊन. ज्याला हा क्रम जाचक वाटतो त्याने आपल्या फिर्यादीत 'हक्क' ऐवजी 'सवलत' असा शब्द घालावा.

येत्या सत्रात आम्ही 'स्थानपोथी'तली काही स्थाने, 'पवनाकाठचा धोंडी' आणि 'उपरा' एकत्र वाचायला घेणार आहोत. टेंटमधल्या रात्रीचा निबंध विद्यार्थ्यांनी लिहायचाच आहे. अट एवढीच की भाकरी कुणी थापली, पाणी कुणाच्या विहिरीचे आणि जमीन पूर्वी कुणाची, हे विचारून यायचे आणि निबंधात लिहायचे. अन्य महाविद्यालयांतल्या कुणाला या वाचनात सामील व्हायचे असेल तर आम्हाला हवेच आहे; 'निर्जन' शब्दाची बाजू मांडणारा कुणी आला तर अधिकच.