कानातल्या पेशी परत येत नाहीत

विसर्जन मिरवणूक कुरुंदवाडची असो की कोल्हापूरची, डॉल्बीच्या भिंतीपुढे नाचून आलेल्या पोरांच्या कानात रात्रभर शिट्टी वाजते. सकाळी ती थांबली की घरचे निश्चिंत होतात. हे समाधान फसवे असू शकते.

माणसाच्या एका कानात जन्मतः सुमारे १५ हजार केसपेशी असतात. ध्वनीची कंपने मज्जातंतूंना समजतील अशा संदेशांत त्याच बदलतात. माणसात मेलेली केसपेशी पुन्हा तयार होत नाही. कोंबडीत मात्र शेजारच्या आधारपेशींपासून नवी तयार होते. असे का, हे शास्त्रज्ञ आता एकेका पेशीत कोणती जनुके चालू आहेत ते वाचून शोधत आहेत. पूर्वी अंतर्कर्णाचा तुकडा एकत्र तपासला जाई आणि मोजक्या केसपेशींची माहिती त्यात हरवत असे. २०२१ मध्ये उंदरांवर झालेल्या अशा अभ्यासात, मोठ्या आवाजाला वेगवेगळ्या पेशी वेगवेगळा प्रतिसाद देतात, असे दिसले.

यातून उद्या औषध सापडेलही. आज ते नाही. म्हणून जपणूक हाच उपाय. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा कायद्यानेच घातली आहे. मंडळांनी डॉल्बीची सुपारी देण्याआधी हे आकडे पाहावेत, पालकांनी लहानग्यांना खांद्यावर घेऊन स्पीकरसमोर उभे राहू नये. शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली किंवा ऐकू कमी आले, तर कानात तेल न घालता लगेच डॉक्टरांना दाखवावे.